कुठल्याही परटाला

रूपांतराच्या सणाला चर्चमध्ये दरवर्षी तेच वाचन असतं. येशू डोंगरावर जातो, त्याचा चेहरा सूर्यासारखा उजळतो आणि कपडे इतके पांढरे होतात, की पृथ्वीवरच्या कुठल्याही परटाला तसे करता येणार नाहीत. बाकीचे लोक हे ऐकून हात जोडतात. माझ्या आईच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. चर्चचे कपडे धुणारी परटीण तीच, तेव्हा हा टोमणा आपल्यालाच, असं तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

तीस वर्षं ती त्या एका वाक्याशी भांडली. फादरांचा झगा ब्लीचमध्ये बुडवायचा, नीळ द्यायची, उन्हात धरून बघायचा, पुन्हा बुडवायचा. बोटांची सालं गेली, मग छाती गेली. डॉक्टरांनी ब्लीचचा वाससुद्धा घ्यायचा नाही म्हणून बजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. यंदा मी इस्त्रीच्या दुकानात असताना तिनं गुपचूप झगा धुतला. मी घरी आले तेव्हा ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून धापा टाकत होती. मी तिला नाही नाही ते बोलले.

"एकदा फादरांच्या तोंडून ऐकू दे, की जमलं," ती म्हणाली. "मग नाही हात लावणार."

झगा मात्र असा निघाला होता, की परीटघडी घालताना मीही राग विसरले.

सणाला तिला पहिल्या बाकावर बसवलं. फादर नवे, खूप शिकलेले. तोच झगा घालून त्यांनी प्रवचन दिलं. हे सौंदर्य देवाचं, ते बाहेरून चढवलेलं नव्हतं, आतून उमटलेलं होतं, असं बरंच काही सांगितलं. मग हसून म्हणाले, "ते कपडे कुणी धुतलेच नव्हते. परटाचं तिथं कामच काय?"

लोकही हसले. आई बराच वेळ झग्याकडे बघत राहिली, मग माझ्या कानाशी लागली.

"म्हणजे धुवायचे नव्हतेच?"

 मला फार राग आला, कुणाचा ते कळेना.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर फादर दारात उभे होते. मी आईला पुढे केलं, झगा जमला का विचार म्हटलं. तिनं विचारलं नाही. त्यांची बाही हातात धरून एवढंच म्हणाली, "मेण सांडलंय, फादर."

"असू द्या हो," फादर म्हणाले. "निघेल की."

कोण काढणार, हे मात्र ते बोलले नाहीत.