पाव तासाचा गारवा

काकूंचा एक नेम होता. सकाळी अंघोळ झाली की देवापुढे हात जोडायचे आणि त्या दिवसापुरतं एकच काहीतरी ठरवायचं. आज कुणावर चिडणार नाही. आज कुणाच्या पाठीमागे त्याच्याविषयी बोलणार नाही. एवढंसंच. दिवस मावळेपर्यंत निभावलं की पुन्हा हात जोडून सांगून टाकायचं, झालं बाबा.

त्या रविवारी त्यांनी ठरवलं, आज खोटं बोलणार नाही. मुद्दामच ठरवलं. दुपारी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

काकांनी ते चहा पिता पिता काढून घेतलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या चेहऱ्यावरून नेम ओळखायला ते शिकले होते.

"खोटं बोलायचं नाही ना? मग बोलूच नकोस," ते म्हणाले. "बोलायचं मी. तू मागे बसून हसायचं. गप्प बसण्यात कसलं आलंय पाप?"

सकाळभर भाजी निवडताना काकू यावर उत्तर शोधत राहिल्या.

गाडी जुनी होती, पण काकांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. इंजिन ठणठणीत. रंग आरशासारखा. रडगाणं होतं ते एसीचं. सुरू केला की असा गार वारा यायचा की अंगावर काटा यावा. आणि पाव तास झाला की कोमट, मग सरळ गरम. काकांनी गॅस भरला, पुन्हा भरला. पट्टा बदलला, पुढची जाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवून घेतली. गॅरेजमध्ये नेलं की एसी गुणी बाळासारखा वागायचा. मेकॅनिक एसीच्या झडपेपुढे हात धरायचा, म्हणायचा, "काका, हा तर फर्स्ट क्लास चालतोय. वहम आहे तुमचा." काका तिथून निघायचे आणि दोन चौक गेले की घाम पुसायला लागायचे.

काकूंच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. वारा गरम व्हायच्या आधी बारीक व्हायचा, नळाचं पाणी जातं तसा. आणि घरी येऊन गाडी उभी केली की खाली हे एवढं तळं साचायचं. त्यांच्या जुन्या फ्रीजचंही हेच होतं. आत बर्फ धरायचा, धरता धरता सगळी वाट अडवायचा, आणि बाकीचं दूध नासायचं. बंद करून वितळू दिला की पुन्हा ठीक.

"आत बर्फ धरत असेल हो," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "थांबायचं कधी ते त्याला कळत नसेल."

"गाडी म्हणजे फ्रीज नव्हे," काका म्हणाले होते. विषय मिटला होता.

आता काकांनी अक्कल लढवली होती ती निराळीच. गिऱ्हाइकाला फिरवून आणायचं ते पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत, पाव तासाच्या आत. नवी गाडी त्यांनी सांगून ठेवली होती. ही आज खपलीच पाहिजे.

गिऱ्हाईक म्हणजे एक सडपातळ, चष्मेवाला मुलगा. कुठल्याशा ग्रंथालयात होता. सोबत आईला घेऊन आला होता. आजी अगदी पाखरासारख्या, गोऱ्या, अंगावर सुती साडी, डोक्याला ओला रुमाल. मुलगा काकांशेजारी पुढे बसला, आजी काकूंशेजारी मागे. काकांनी बाहेरून दारं लावली. मागची दारं आतून उघडायची नाहीत. मुलं लहान असताना दारांना चाइल्ड लॉकची कळ लावली होती; मुलं मोठी होऊन उडून गेली, कळ तशीच अडकून बसली होती. काचांची बटणंही काकांनी पुढून बंद करून टाकली.

"गारवा बाहेर जायला नको," ते हसत म्हणाले.

एसी सुरू झाला. आजींनी डोळे मिटले. "अगंबाई! बरं वाटलं जिवाला."

"आईसाठीच घेतोय," मुलगा मागे वळून म्हणाला. "दर आठवड्याला मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. तास दीड तासाचा रस्ता आहे."

"मला घाम येत नाही ना," आजी काकूंना सांगू लागल्या, जणू चारचौघांत आपली खोड सांगावी तसं. "नसाच बिघडल्यात. ऊन लागलं की आत भट्टी पेटते आणि बाहेर पडायला तिला दारच नाही. मागे एकदा बसमध्ये पडले होते. शुद्धीवर आले तेव्हा याचा चेहरा बघवेना."

"अहो, आमची ही उन्हाळ्यात शाल घेऊन बसते या गाडीत!" काका पुढून म्हणाले.

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. शाल त्यांनी या गाडीत आयुष्यात आणली नव्हती. त्यांनी आपण होऊन काही म्हटलं नाही. नेम मोडला नव्हता. पण आजींकडे बघणं त्यांनी टाळलं.

टाकी आली, वळसा झाला. परतीच्या वाटेवर कालव्यावरच्या अरुंद पुलाशी आले आणि काकांनी ब्रेक दाबला. पुढे सिमेंटचा एक अवजड ट्रक पुलाच्या तोंडाशीच चाक रुतवून बसला होता. मागे बघता बघता रांग लागली. पुढे नाही, मागे नाही. डाव्या हाताला कठडा, उजव्या हाताला टेम्पो. दोन्हीकडे वीतभर जागा. टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून ट्रकवाल्याच्या खानदानाची विचारपूस करत होता.

"सुटेल आत्ता," काका म्हणाले.

काकू वाऱ्याकडे कान देऊन बसल्या. झडपेतून येणारी सळसळ आधी अंगभर होती. मग ती ओढणीच्या टोकाएवढी झाली. मग सुतासारखी. काकांनी पंख्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आवाज मोठा झाला, वारा नाही. आरशात त्यांचे डोळे काकूंना भेटले. एक शब्द नाही बोलायचा, डोळे म्हणाले.

मुलाने झडपेपुढे हात धरला. "काका, जरा कोमट येतंय का?"

"गाडी उभी आहे ना. धावली की बघा कशी थंड हवा येते ती."

टपावर ऊन उभं होतं. काचा तापल्या. आजींनी रुमाल डोक्यावरून गालावर आणला. तो केव्हाच वाळला होता. त्यांचा चेहरा लाल होत चालला होता, पण कोरडा, तव्यासारखा कोरडा. काकूंनी काचेचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. दाराची कडी ओढली. ती ढिलीच हातात आली आणि दार न उघडता परत मागे गेली.

"काच खाली करा हो," काकू हळूच म्हणाल्या.

काकांना ऐकू गेलं नाही. म्हणजे, गेलं. मान ताठ झाली, एवढंच.

आजींनी काकूंचा हात धरला. बोटं निखाऱ्यासारखी. त्यांनी आवाज खाली आणून, बायकांनी बायकांना विचारावं तसं विचारलं, "तुम्ही तर नेहमी बसता यात. खरं सांगा बाई. शेवटपर्यंत गार राहते का?"

आरशातले डोळे वटारलेले. काकूंना वाटलं, गप्प बसले तरी चालेल. नेम शाबूत राहील. आणि ही बाई माझं गप्प बसणं म्हणजे 'हो' समजून दर आठवड्याला या डब्यात बसेल. सकाळपासून शोधत होत्या ते उत्तर हेच होतं. भाजी निवडताना सापडलं नव्हतं, इथे सापडलं.

"नाही राहत," काकू म्हणाल्या. "पाव तास राहते. मग हे असं होतं. दर वेळी होतं."

"अगं, काय बोलतेस—"

"आधी काच उघडा. सगळ्या उघडा." आवाज चढला नव्हता, पण काकांचा हात आपोआप बटणाकडे गेला. काचा सरकल्या. बाहेरची हवाही भाजकीच, पण हवा होती. कालव्यावरून एक झुळूक आत आली. मुलगा सीटवर उलटा वळला, बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून त्याने आईच्या मानेवर ठेवलं.

"आता एसीचं बटण बंद करा. पंखा नका बंद करू," काकू म्हणाल्या. "आतला बर्फ वितळायला हवा."

काकांनी ते केलं. टेम्पोवाला दमला असावा, कारण मधल्या शांततेत गाडीखाली पडणारं पाणी स्पष्ट ऐकू आलं. आधी थेंब थेंब, मग धार. मुलाने डोकं बाहेर काढून खाली पाहिलं आणि पुन्हा आत घेतलं. हळूहळू झडपेतून वारा मोकळा झाला. काकूंच्या खुणेवर काकांनी काचा चढवून बटण पुन्हा दाबलं, आणि तोच पहिला, अंगावर काटा आणणारा गारवा आला.

आजींचे ओठ हलले. देवाचं नाव घेत असाव्यात. काकूंचा हात त्यांनी सोडला नव्हता.

ट्रक निघाला. घरापाशी मुलगा उतरला, आईला उतरवलं. "काका, गाडी छान आहे," तो चष्मा पुसत म्हणाला. "पण आईला घेऊन मी हा जुगार नाही खेळू शकत. राग मानू नका." आजींनी काकूंच्या गालाला हात लावला आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेत निघाल्या.

काकांनी गाडी मागच्या शेडमध्ये लावली. किल्ली काढली, काचा बंदच होत्या, पुढचं दार आपटलं आणि तरातरा घराकडे गेले. काकू मागच्या सीटवर तशाच. रोजचंच होतं; काचेवर टकटक केली की काका परत येऊन दार उघडत.

त्यांनी बोट वाकवलं. काचेपर्यंत नेलं. आणि थांबल्या.

आत गारवा अजून रेंगाळत होता, पण फार वेळ राहणार नव्हता. काकूंनी पदर खोचला. दोन सीटांच्या मधून एक पाय पुढे टाकला, गिअरच्या दांड्यावर गुडघा आपटला, "आई गं" म्हणाल्या, स्टिअरिंगला धरून स्वतःला पुढे ओढलं. या वयात. कुणी पाहिलं असतं तर हसून मेलं असतं. पुढचं दार आतून उघडलं आणि त्या बाहेर आल्या.

पलीकडच्या बाजूला काका मागचं दार उघडून रिकाम्या सीटकडे बघत उभे होते. परत आले होते.

"थांबायचंस ना," ते म्हणाले. "उघडणारच होतो."

"हो," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर सोडला, गुडघा चोळला. गाडीखाली तळं पसरत चपलांपर्यंत आलं होतं. काका त्याकडे बघत राहिले, पहिल्यांदाच नीट.

"उद्या मेकॅनिकला गॅस भरू नको म्हणावं," काकू म्हणाल्या. "बर्फ कुठे धरतो ते बघ म्हणावं. आणि जमलं तर या दारांची कळही काढून टाक म्हणावं."

काकांनी दार लावलं. लागलं नाही नीट, म्हणून पुन्हा उघडून लावलं.

"तूच चल बरोबर," ते म्हणाले. "मला सांगता नाही यायचं."

काकू घरात गेल्या. दिवस मावळायला अजून अवकाश होता, म्हणून देवाला काही सांगितलं नाही. नुसता गुडघ्याला मलम लावला.