वाकडा कंगवा

टिल्लूचे केस ताईने पहिल्यांदा कापले तेव्हा तो स्टुलावर दोन उशा रचून बसला होता. पुढे तो दारातून वाकून शिरावं लागेल इतका उंच झाला, पण टिल्लू हे नाव सुटलं नाही आणि ताईची खुर्चीही. लग्नानंतर तिने घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान थाटलं. महिनाअखेरच्या रविवारी तो हजर. "माळ्याला बोलावू, की तूच आवरतेस हे रान?" असं म्हणतच बसायचा.

त्या रविवारी मात्र मुकाट बसला. तिची कात्री कानामागे चालली होती. आरशात बघत तो म्हणाला, "ताई, मला एचआयव्ही आहे. वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत, तब्येत ठणठणीत आहे. आईला सांगू नकोस."

"बरं," ती म्हणाली.

हात थांबला नाही, याचं तिला तेवढ्यातही बरं वाटलं. फक्त एक झालं. दोन्ही हात गुंतले की कंगवा आपल्याच अंबाड्यात खोचायची तिची सवय; डोक्यात कंगवा दिसला नाही तर गिऱ्हाइकं विचारायची, "आज दुकान बंद का हो?" तो कंगवा डोक्याकडे निघाला, मध्येच वळला आणि टेबलावर जाऊन पडला. आरशात दोघांनीही ते पाहिलं.

तो गेला तशी तिने कात्री आणि कंगवा पातेल्यात टाकून उकळायला ठेवले. कात्रीला काय होतंय. प्लास्टिकचा कंगवा मात्र पाठीत वाकला. ती चिमट्याने तो बाहेर काढत होती आणि दारात टिल्लू. चष्मा विसरला होता.

"कंगव्याचं सूप करतेस होय?" तो हसला. चष्मा घेतला. दुडुदुडु आलेल्या तिच्या छकुलीचा गालगुच्चा घ्यायला एरवी वाकायचा, तो वाकला नाही.

त्यानंतर रविवार येत राहिले, तो आला नाही. फोनवर म्हणायचा, "काम आहे गं." इकडे तिच्याकडेच राहणारी आई रोज विचारायची, "भांडलात का?" ती नाही म्हणायची. नवऱ्यालाही सांगता येईना. गुपित तिचं नव्हतंच मुळी. घर माणसांनी भरलेलं, आणि ती आपली पोरीला थोपटत भिंतीकडे बघत पडायची.

शेवटी एका सकाळी दुकानाला कुलूप लावलं आणि झोपलेली छकुली खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंपुढे जाऊन बसली. काय विचारायचं ते घोकून आली होती, पण पर्समधून आधी निघाला तो वाकडा कंगवा.

बाई हसल्या नाहीत. "उकळलात?"

"हो."

"कात्री प्रत्येक गिऱ्हाइकानंतर साफ करता ना?"

"करते की. धंदा आहे माझा."

"मग झालं. त्याच्यासाठी वेगळं काही नाही. कंगवा, टॉवेल, कप, ताट, मिठी, हिची पापी, यातल्या कशानंही एचआयव्ही पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधातून जातो, रक्तातून, वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला. बाळाला होऊ नये यासाठीही आता औषधं आहेत. रोज गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू मोजता येण्याइतकाही उरला नाही, आणि तसाच दबून राहिला, तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही. तुमचा भाऊ म्हातारा होणार आहे, चांगला कटकट्या म्हातारा."

ती पहिल्यांदाच रडली. मग म्हणाली, "हे घरी सांगू?"

"आजाराचं गावभर सांगा. त्याचं मात्र त्याने म्हटल्याशिवाय कुणालाच नाही."

संधी लवकरच आली. शेजारची शिंपीणबाई खुर्चीत बसली होती आणि आई छकुलीला घेऊन कोपऱ्यात. कुणाच्या तरी जावयाचा विषय निघाला. "तो रोग आहे म्हणे त्याला," शिंपीणबाई म्हणाली. "त्यांच्याकडचं पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही बाई."

तिने कात्री खाली ठेवली. "पाण्याने होत नाही, मावशी." आणि बाईंनी सांगितलेलं सगळं, अगदी शरीरसंबंधापर्यंत, आईसमोर, न अडखळता सांगून टाकलं.

"तुला बरी एवढी माहिती," शिंपीणबाई म्हणाली.

"विचारून आले. कात्री चालवते, मला ठाऊक नको?"

शिंपीणबाई गेल्यावर आई खाली पडलेले केस झाडत म्हणाली, "टिल्लूचे केस वाढले असतील. जाऊन कापून ये." आणि केराची सुपली घेऊन आत गेली.

टिल्लूच्या खोलीत एक ताट, एक पेला, एक खुर्ची. पूर्वी खुर्च्या दोन होत्या. त्याने आपले केस आपणच कापले होते. मागून पायऱ्या पायऱ्या पडल्या होत्या.

"उंदरांकडून कापून घेतलेस का रे?"

"घरपोच येतात ते," तो म्हणाला. "आईला सांगितलंस?"

"तुझं काही नाही. रोगाचं सगळं सांगितलं."

"मग?"

"मग मला इकडे पिटाळलं."

त्याने उठून खुर्ची उजेडात ओढली.

तिने छकुलीला पलंगावर बसवलं, त्याच्या गळ्याभोवती चादर गुंडाळली आणि कंगवा काढला.

"हा अजून ठेवलायस?"

"तुझ्या टाळक्याच्या वळणावर बरोबर बसतो."

खोलीत आरसा नव्हता. ती कापत होती, तो ताठ बसून कान देत होता. कानाची पाळी दुमडायला तिचे दोन्ही हात गुंतले तेव्हा त्याने एकदम विचारलं, "कंगवा कुठे ठेवलास?"

ती काही बोलायच्या आत पलंगावरून छकुलीने बोट दाखवलं. "आई दोक्यात."

त्याचे खांदे हलू लागले.

"हलू नकोस," ती म्हणाली. "कान जाईल."

खरं तर आता कापायला फारसं काही उरलं नव्हतं. पण कात्री थांबली की चादर झटकायची, छकुलीला उचलायचं आणि याला या एका खुर्चीवर सोडून निघायचं. ती रिकामी कात्री हळूहळू चालवत राहिली. त्याला कळत होतं. त्यानेही मान तशीच पुढे धरून ठेवली.