मुखवट्यामागचा पत्ता

“बाई, हे नावापुढचं शेपूट कापता येतं का?”

मी नुकताच डबा उघडला होता. मीटरकाका माझ्या टेबलापाशी उभे राहून पलीकडच्या जादा कॉम्प्युटरकडे बोट दाखवत होते. जेवणाच्या सुट्टीत मला कुणी काम सांगितलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या पाणीखात्यात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण काकांची गोष्ट वेगळी. घरोघरी हिंडून पाण्याचे मीटर वाचायचे, कुणी दार उघडेपर्यंत उन्हात उभं राहायचं, असं उभं आयुष्य काढलेला माणूस. त्यांना नाही म्हणताना माझ्यासारख्या फटकळ बाईचीही जीभ अडायची.

“कसलं शेपूट?”

“ते गप्पांचं हो. मी आत गेलो की टोपणनावापुढे आपल्या खात्याचं नाव येतं. सगळ्यांना दिसतं ते.”

जुन्या पद्धतीचं, नुसत्या अक्षरांचं गप्पांचं जाळं होतं ते. एकेका विषयाची एकेक खोली. खोलीत कुणी आलं की ओळ उमटायची, अमुक आला, आणि त्यापुढे त्याचा कॉम्प्युटर कुठून जोडला आहे तो पत्ता. आमच्या कचेरीच्या पत्त्यात पाणीखातं आणि शहर दोन्ही धडधडीत लिहिलेलं.

“दिसू दे की. चोरी करताय का?”

काका हसले नाहीत. “माझी मुलगी येते तिथं. तिला कळता कामा नये.”

मी हातातला घास खाली ठेवला.

मुलगी घर सोडून गेली आहे, एवढं कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. का गेली, ते त्या दिवशी कळलं. तीन वर्षांपूर्वी ती परगावी शेवटच्या परीक्षेला बसली होती आणि इकडे तिची आई दवाखान्यात. अकरा दिवस. रोज संध्याकाळी मुलगी फोन करायची आणि काका सांगायचे, आई झोपली आहे, उद्या बोल. पोरीचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

“नवव्या दिवशी ही म्हणाली, तिला बोलवा,” काका म्हणाले. “मी म्हटलं, परवा पेपर संपतोय, परवा बोलवू. दोनच तर दिवस.”

मुलगी आली तेव्हा सगळं उरकलं होतं. ती रडलीसुद्धा नाही म्हणे. आठ दिवस राहिली आणि जाताना म्हणाली, “तुम्ही मला माझ्या आईला भेटू दिलं नाहीत. आता मला शोधू नका.” फोनचा नंबर बदलला, नोकरीचं गाव कुणाला सांगितलं नाही. काकांकडे उरलं काय, तर तिचं एक टोपणनाव. लहानपणी आई तिला खारूताई म्हणायची. घरी असताना ती याच जाळ्यावर त्या नावाने गप्पा मारायची. काकांनी एका बोटाने एकेक खोली धुंडाळली आणि झाडांच्या खोलीच्या यादीत ते नाव त्यांना सापडलं. अजून ते आत शिरले नव्हते. एका रिकाम्या खोलीत जाऊन आपली ओळ कशी दिसते ते बघून आले होते. मीटर वाचणारा माणूस, आधी आकडा नीट बघून घेणारच.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की काका, सरळ नाव सांगून जा. पण त्यांचा चेहरा बघून माझा शहाणपणा कुठल्या कुठे गेला.

त्या जाळ्यावर मुखवटा मिळतो. खारूताईनेही तो घेतला होता. टोपणनाव नोंदवायचं, परवलीचा शब्द ठरवायचा आणि जाळ्याची देखभाल करणाऱ्यांकडे अर्ज करायचा. मग खऱ्या पत्त्याच्या जागी आपण मागू तो पत्ता दिसतो. ते काम बघणारा एक जण स्वतःला चौकीदार म्हणवायचा.

“नाव काय घ्यायचं, काका?”

“शेजारी.”

“आणि पत्त्याच्या जागी?”

त्यांनी विचार केला. “वळचण. तिथं उभं राहिलं तर घरात कुणाची अडचण होत नाही.”

चौकीदाराने मुखवटा दिला आणि बजावलं, आधी परवलीचा शब्द द्यायचा, मुखवटा चढल्याची ओळ दिसू द्यायची आणि मगच खोलीत पाऊल टाकायचं. आधी शिरलात तर खरा पत्ता साऱ्या खोलीला दिसेल.

मग सुरू झाला आमचा रोजचा अर्धा तास. काका सकाळची फेरी घाईने आटपून यायचे. झाडांबद्दल त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. बोलायला विषय हवा म्हणून त्यांनी एक रोपटं विकत आणून कचेरीच्या खिडकीत ठेवलं आणि पंधरा दिवसांत पिवळं पाडलं.

“पाणी किती घालता?” खारूताईने विचारलं.

“रोज. भरपूर,” शेजारीने लिहिलं.

“अहो, बुडून मरतंय ते. पाणीखात्यात आहात की काय?”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मी इतकी हसले की मला ठसका लागला. “चोराच्या मनात चांदणं,” मी म्हटलं, “ती थट्टा करतेय तुमची.” थट्टा करतेय, हे कळल्यावर काका जे हसले, तसं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. पुढे चार दिवस ते वाक्य ते स्वतःशीच घोळवत होते.

एका बोटाने परवलीचा शब्द टाइप करायचा, मुखवटा चढायची वाट बघायची, यात त्यांची पाच मिनिटं जायची. अर्ध्या तासातली पाच. मला ते बघवेना. म्हणून मी कॉम्प्युटरच असा लावून दिला की चालू केला की तोच परवलीचा शब्द देईल आणि त्याच दमात खोलीतही शिरेल. मुखवटा क्षणात चढायचा, कधी काही अडलं नाही. चौकीदाराने बजावलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. मला वाटलं, एवढं काय त्यात. नको तिथं नडतो तो हाच आगाऊपणा.

वर्ष उलटलं. एके दिवशी त्या दोघांच्या खासगी बोलण्यात खारूताईने आपण होऊन लिहिलं, “माझी आई गेली तेव्हा मला कुणी कळवलंच नाही. वडील रोज सांगायचे, झोपली आहे.”

काका हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी पाठीमागेच होते. मग त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, “त्यांची चूक झाली.”

“चूक नव्हे. माझं त्यांनीच ठरवून टाकलं. काय सोसायचं, काय नाही. मला विचारलंच नाही.” मग तिने लिहिलं, “तुमच्याशी बोललं की बरं वाटतं.”

त्या दिवशी मी काकांच्या मागेच लागले. “आता सांगून टाका. याहून चांगली वेळ येणार नाही.”

“सांगणार आहे. तिची नेमणूक पक्की व्हायची आहे पुढच्या महिन्यात. तेवढी होऊ दे. उगाच तिचं चित्त विचलित नको.”

“काका, तेव्हाही परीक्षाच होती ना?”

माझ्या जिभेला हाड नाही. ते कॉम्प्युटर बंद करून उठले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या आठवड्यात त्या जाळ्याचं कुठलंसं यंत्र बंद पडून दुपारी पुन्हा सुरू झालं. शेकडो लोक एकदम आत शिरू लागले आणि मुखवटे चढवणारी व्यवस्था मागे पडली. आमच्या कॉम्प्युटरने मी शिकवलं होतं तेच केलं. परवलीचा शब्द दिला आणि उत्तराची वाट न बघता खोलीत शिरला. पडद्यावर ओळ आली, शेजारी आला, आणि पुढे पाणीखातं आणि आमचं शहर. चार सेकंद असतील. मग जाळ्यानेच त्याला बाहेर काढून वळचणीच्या पत्त्यासह परत आत आणलं. या दोन्ही ओळी एकीखाली एक, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

काका खुर्चीत बसतच होते. मी धावले, पण पडद्यावर उमटलेली ओळ मागे घेता येत नाही.

खासगी खिडकी उघडली. “बाबा, तुम्हीच ना?”

“नाही म्हणा,” मी म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं. “शेकडो माणसं आहेत खात्यात. म्हणा मी पंपावरचा आहे.”

काकांनी मान हलवली आणि लिहिलं, “हो.”

“किती दिवस?”

“चौदा महिने.”

“आईचं मी सांगितलं, तेव्हा समोर तुम्हीच बसला होतात.”

“हो.”

काका पडद्याला नाक लावून बसले होते. शेवटी तिने लिहिलं, “तेव्हाही सगळं तुम्हालाच माहीत होतं, मला नाही. आताही तेच. तुम्ही पुन्हा तसंच केलंत, बाबा.”

काका बोटाने अक्षर शोधत होते. ‘मला नुसतं’ असे दोन शब्द लिहून झाले होते, तोवर ओळ आली. खारूताई गेली.

त्यानंतर ते नाव खोलीत दिसलं नाही. काका रोज यायचे, यादी वरून खालपर्यंत वाचायचे, पुन्हा वर जायचे आणि अर्धा तास झाला की उठायचे. मी एकदा म्हटलं, “माझ्यामुळे झालं, काका.” ते म्हणाले, “तुम्ही फक्त माझा वेळ वाचवलात. सांगायचं होतं मी, आणि चौदा महिने होते माझ्यापाशी.” रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मला राहवेना. चौकीदार मंडळींना मुखवट्याच्या आतलं दिसतं. कुणाला सांगायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. मी त्याच्यामागे महिनाभर हात धुऊन लागले, सगळी हकिकत सांगितली, रडलेसुद्धा. शेवटी तो विरघळला. खारूताई नव्या टोपणनावाने, नवा मुखवटा घेऊन परत आली होती. मुखवट्यामागचा पत्ता त्याने मला दिला. त्यात एका रोपवाटिका कंपनीचं नाव होतं आणि गावाचंही. मी ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि सुट्टीत काकांसमोर ठेवलं.

“काय आहे?”

“तिचा ठावठिकाणा. नवं नावही आहे. आता पत्र लिहा, नाहीतर उठून जा, पण एकदा समोरासमोर बोला.”

काकांनी चिठ्ठी उचलली. पण घडी उघडायच्या आधी डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात घातला. चष्म्याशिवाय त्यांना हातभरावरचं अक्षर दिसत नसे.

“तिनं झाकलंय ना हे?”

“हो, पण काका—”

“मग झाकलेलं राहू दे. एकदा तरी तिनं ठरवलेलं होऊ दे.”

त्यांनी चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. टोपलीत टाकले तर कुणी जोडून वाचेल, म्हणून पाण्याच्या पेल्यात टाकले आणि शाई उतरून पाणी निळं होईपर्यंत बोटाने ढवळत बसले.

“तुम्ही वाचलंय ना ते?” त्यांनी विचारलं.

“वाचलंय.”

“काही सांगू नका मला. फक्त एवढंच सांगा, आहे ना ती? येते ना तिथं?”

“येते, काका. रोज येते.”

“बस,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवत दुपारच्या फेरीला निघाले.