स्वस्त सेलचा लॉट

नगरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये स्नेहल औटी आणि फैयाज शेख यांची छोटी कंपनी होती. दोघं पॉलिटेक्निकपासूनचे मित्र. आधी ते घरांच्या छतांवर सोलर पॅनल बसवत, मग त्याच विजेवर चालणारी स्कूटर तयार करू लागले. पारनेरपासून जामखेडपर्यंत त्यांच्या स्कूटरी दिसू लागल्या होत्या.

दिवाळीच्या सुमारास नगरच्याच सावेडी भागात एका बड्या कंपनीची शोरूम उघडली. तिथल्या स्कूटरची किंमत यांच्या तयार करायच्या खर्चाहूनही कमी होती. श्रीमंत नावाचे पारनेरचे डीलर रोज फोन करायचे.

"म्याडम, गिऱ्हाईक गाडी बघतं, चालवतं अन् सावेडीला जातं. दर खाली आणा. मी तरी किती दिवस थांबू?"

स्नेहलची झोप उडाली. जेवतानाही तिचं लक्ष मोबाईलकडे असे. अशातच फैयाजने बॅटरीचे स्वस्त सेल देणारा एक व्यापारी शोधून काढला.

"नेहमीच्या चाचण्या करत बसलो तर सीझन जाईल," तो म्हणाला. "एवढा लॉट बसवू. चाचणी सोबत चालू ठेवू."

एरवी स्नेहल नाही म्हणाली असती. त्या दिवशी सकाळीच दोन डीलर सोडून गेले होते. ती हो म्हणाली. किंमत उतरली, गाड्या खपू लागल्या आणि चाचणी राहून गेली.

एप्रिलमधल्या एका दुपारी शेडमध्ये चार्जिंगला लावलेली त्या लॉटची एक बॅटरी फुगली. झाकण वर आलं, धूर निघाला. फैयाजने वाळूच्या बादल्या ओतल्या. धूर थांबला.

"या लॉटच्या किती गाड्या बाहेर आहेत?" स्नेहलने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता एकेका गिऱ्हाइकाला फोन लावायला सुरुवात केली. गाडी चार्जिंगला लावू नका, आम्ही येतोय, एवढंच सांगत गेली. सगळ्यांशी बोलणं झालं. फक्त खर्ड्याजवळच्या वस्तीवरच्या मनकर्णाबाईंचा फोन बंद होता.

मनकर्णाबाई आशा वर्कर होत्या. वस्त्यावस्त्यांवर जाऊन बाळंतिणींची चौकशी करायचं त्यांचं काम. गाडी देताना स्नेहलनेच त्यांना सांगितलं होतं की बिनधास्त घरात चार्जिंगला लावा.

दोघं टेम्पो घेऊन निघाले. आष्टी मागे पडली. स्नेहल पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा तेच ऐकत होती: आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे.

"हे बघ," फैयाज शेवटी म्हणाला, "खरं कारण सांगायची गरज नाही. फ्री सर्व्हिस कॅम्प आहे म्हणू आणि गाड्या परत आणू. नाहीतर सावेडीवाले उद्या जिल्हाभर बोंब मारतील. आपण संपू."

स्नेहलने नाही म्हटलं नाही. कॅम्पचा मेसेज कसा लिहावा, हेही तिच्या मनात येऊन गेलं. मग मनकर्णाबाईंची सून बाळंत झाल्याचं तिला आठवलं आणि तिने पुन्हा नंबर फिरवला.

खर्ड्याचा किल्ला मागे टाकून ते वस्तीवर पोचले. घर शाबूत होतं. मनकर्णाबाई दारातच बसल्या होत्या.

"ताई, तुमी? अन् अशा अचानक?"

"गाडी कुठंय?"

"आत. चार्जिंगला लावलीय. पण सकाळधरनं लाईटच न्हाई. फोन बी बंद पडलाय."

स्नेहल आत धावली. आतल्या खोलीत गाडी उभी होती आणि तिच्यापलीकडे, भिंतीशी, झोळीत बाळ झोपलं होतं. तिने पिन ओढून काढली. 

"काय झालं?" मागून आलेल्या मनकर्णाबाईंनी विचारलं.

फैयाज म्हणाला, "काही नाही मावशी, आमचा सर्व्हिस..."

"बॅटरी खराब आहे," स्नेहल मधेच म्हणाली. "तशीच एक आज आमच्याकडे पेटता पेटता वाचली. न तपासता बसवली होती. चूक आमची आहे."

मनकर्णाबाईंनी आधी बाळ उचललं आणि सुनेकडे बाहेर दिलं. मग त्या परत आल्या.

"घरात लावा म्हून तुमीच सांगितलं हुतं."

"हो."

"म्या इस्वास ठेवला. लाईट असती तर?" त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. "बाकीच्यांना सांगितलं का असं, तोंडावर?"

"अजून नाही," स्नेहल म्हणाली.

"मग सांगा. माझ्यासारख्या लई जणी असतील."

बॅटरी काढून, वाळूच्या पेटीत ठेवून ते निघाले. जामखेडला टेम्पो थांबवून स्नेहलने सगळ्यांना पुन्हा फोन लावले आणि या वेळी खरं ते सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी आभार मानले. फैयाज स्टिअरिंगवर डोकं टेकून ऐकत होता. निम्मी यादी झाल्यावर त्याने स्वतःचा मोबाईल काढला आणि उरलेले फोन तो करू लागला.

त्याची भीती खरी ठरली. आठवड्याच्या आत गोष्ट सगळीकडे पसरली. पारनेरचे डीलर श्रीमंत यांनी सावेडीवाल्यांची डीलरशिप घेतली. पावसाळ्यापर्यंत सगळ्या बॅटऱ्या बदलून दिल्या गेल्या आणि स्कूटरचं काम बंद झालं. मनकर्णाबाईंनी नवी बॅटरी घेतली, पण चहाला थांबा म्हटलं नाही.

सोलर तेवढं उरलं. त्यातही आता नवे लोक उतरले होते. परवा भिंगारला एका छताचं माप घेऊन दोघं खाली आले, तर घरमालक नूरमहंमद म्हणाले, "दुसरी पार्टी तुमच्यापेक्षा बरंच कमी सांगते."

स्नेहलला दिवाळीचे दिवस आठवले. तिने फैयाजकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

"आमचा दर हाच आहे, चाचा," ती म्हणाली.

नूरमहंमद मुलाला विचारायला आत गेले. दोघं ओट्यावर वाट बघत बसले.