काथ्या झालेल्या वेणीचा कंगवा

उन्नतीच्या केसांचा काथ्या काशी आजीने केला. आळ उगाच पोहण्याच्या पूलमधल्या क्लोरीनवर आला.

मी कंगवा बोलतोय. साच्यातून निघालो तेव्हा बारीक दातांचा, ताठ होतो. नेरूळ स्टेशनबाहेरच्या गाडीवर आजीने घासाघीस करून मला नातीसाठी घेतलं. नात म्हणजे उन्नती, सातवीतली. मऊ, लांब वेणी. मजेत होतो मी.

मग ती रोज पोहायला जाऊ लागली. आणि आजीचा कायदा असा, की डोकं फक्त रविवारी धुवायचं.

"आजी, पूलचं पाणी धुवून टाकू दे ना."

"पान्यातनंच आलीस ना गो? परत कशाला धुतेस? रोज धुतलं तर केस गलतील."

म्हणजे क्लोरीन डोक्यातच. त्यावर आजी वाटीभर खोबरेल ओतायची आणि मला मुळापासून खाली ओढायची. केस तुटायचे, माझे दात तुटायचे. आजी म्हणायची, कंगवा हलका निघाला. वयाने मोठं असलं की चुकायची सोय असते.

तेवढ्यात उन्नतीची जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली. तिचे बाबा, हितेश, वेणी बघून म्हणाले, "पोहणं बंद. टक्कल पडेल."

"बाबा, तुमचं कुठल्या पूलमध्ये पडलं?"

बाबा पेपरात शिरले, पण बंद म्हणजे बंद.

उन्नती मला बॅगेत टाकून पूलवर गेली आणि क्रांती मॅडमसमोर रडली. मॅडम पोहायला शिकवतात. त्यांनी केस चिमटीत धरले.

"डोकं कधी धुतलंस?"

"रविवारी."

"आज शुक्रवार. आठवडाभर पूल डोक्यावर घेऊन फिरतेस की गं."

मग त्यांनी सांगितलं. पाण्यात उतरण्याआधी केस नळाखाली भिजव, भिजलेला केस पूलचं पाणी कमी पितो. वर टोपी. बाहेर आलीस की लगेच शॅम्पू, टोकांना कंडिशनर. रुंद दातांचा कंगवा घे, गुंता टोकाकडून सोडव.

माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हा नको." झोंबलं. पण खरं होतं.

घरी आजी तेलाची वाटी घेऊन तयारच.

उन्नती म्हणाली, "आजी, खारवलेला बांगडा न धुता कालवणात टाकतेस काय?"

"येडी हायस काय? तोंडात घालवनार नाय."

"मग माझं डोकं?"

आजीने वाटी खाली ठेवली. "चल मोरीत."

महिनाभरात वेणीला जरा जीव आला. बाबांनी स्पर्धेच्या फॉर्मवर सही केली, वर म्हणाले, "मी कुठे नाही म्हणालो होतो?" आजी शेजारणींना सांगते, "मीच बोल्ले तिला, रोज धू म्हनून." सांगू दे. नळ आता तीच सोडून ठेवते.

तुमच्या घरी पोहणारं पोर असेल तर आधी त्याला नळाखाली उभं करा, अक्कल नंतर शिकवा. आणि ओल्या केसांत माझ्यासारख्याला घालू नका.

उन्नती पोहतेय. माझे पाच दात गेले, आणि तिची वेणी दुसऱ्या कंगव्याकडे गेली.