मेणाची फटफटी

"एवढ्याशा गाडीनं माणूस मरत न्हाई, शहादेवा," म्हणत छबुबाईनं मेणाचा घोडेस्वार पाटावर ठेवला. घोडेस्वार म्हणायचं ते सवयीनं. तिच्या मुलाच्या, बद्रीनाथच्या खाली घोडा नव्हता, फटफटी होती.

अकाली गेलेल्या मुलाला आधी मेणात घडवून, मग पितळेत ओतून देव्हाऱ्यात बसवायचं, ही पाटोद्याच्या या पाटलांची रीत. शहादेव ओतारी त्यासाठीच शिरूरहून आला होता. देव्हाऱ्यातल्या पूर्वजांचे घोडे शेळीएवढे आणि स्वार ताडमाड. शहादेवाचा हात त्याच वळणावर गेला. मग त्यानं गाडी वाढवली, तर वर बसलेला बद्री पाळण्यातलं पोर दिसू लागला. त्या दिवशी छबुबाई जेवली नाही.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. देवाला कुठं माप असतं, ओता कसंही, असं तिचे मालक अर्जुनराव म्हणाले. पण तिला देव नको होता. हात जोडताना समोर आपला बद्री आहे, हे तिला ओळखू यायला हवं होतं. फोटो कधी काढलाच नव्हता, आणि चेहरा आताच पुसट होऊ लागला होता.

"गाडीचं माप दोरीनं घेतलंय, बाई," शहादेव म्हणाला. "माणसाचं कुठून आणू?"

छबुबाई उठली. बद्री उंचीनं नेमका तिच्याएवढा. पाठीला पाठ लावून तो दोघांच्या डोक्यांवरून तळहात फिरवायचा आणि हसायचा. गोठ्यातल्या त्या फटफटीला वर्षभर कुणी हात लावला नव्हता. लुगडं आवरून ती तिच्यावर बसली. गड्यांनी तोंडं फिरवली.

शहादेवानं अंगाला हात न लागू देता दोरी धरली: खांदा, कोपर, गुडघा. पायाशी वाकला आणि तिथंच थबकला.

गाडी चढावर बंद पडली, मागं घसरली आणि धाकल्या मालकांनी पाय टेकवायला पाहिलं, असं गुराखी सिदूनं सांगितलं होतं. मांजरा नदीच्या काठचे दगडच सुटे, त्यावरून पाय निसटला, हे छबुबाई वर्षभर साऱ्यांना सांगत आली होती. आता तिचा पाय खाली चाचपडत होता. टाच सोडाच, बोटंही टेकत नव्हती.

"धाकल्या मालकांचा टेकत व्हता?" शहादेवानं खालच्या मानेनं विचारलं.

तिनं पुन्हा एकदा पाय ताणून पाहिला.

"न्हाई," म्हणाली.

तिसरं मेण आलं. छबुबाईनं ते खिडकीशी धरलं. खांदे त्याचेच होते, पुढं झुकायची ढबही त्याचीच. डावा पाय मात्र अधांतरी लोंबत होता.

"ह्योच," ती म्हणाली. शहादेव ते फडक्यात गुंडाळू लागला, तशी तिनं त्याचा हात धरला.

"पायाखाली तेवढा एक दगड ठेव."

मापात बसत नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्यानं चिमूटभर मेण घेतलं, बोटांत ऊब देऊन ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी वळली आणि त्या पायाखाली दाबली.

पाय टेकला.