बिनव्हिसाचे देश

आमच्या ह्यांना शपथ घ्यायची खोड आहे. नाव ललित, वय पन्नाशीच्या पुढे, वाणगावच्या अलीकडे चिकूची वाडी आणि थोडी मिरची. माणूस वाईट नाही, पण तोंड उघडलं की शपथ. साखरेचा आजार, तरी लग्नात जिलेबी खाल्ली का विचारलं तर, "दिशाच्या गळ्याची शप्पथ, नाय खाल्ली." मिरचीच्या व्यापाऱ्याशी घासाघीस चालली की, "दिशाच्या गळ्याची शप्पथ, याच्याखाली परवडत नाय." दिशा आमची एकुलती एक. मी म्हणायची, "अवो, स्वतःच्या गळ्याची घ्या की!" त्यावर हसायचे. पण खरं ते सांगायला हवं, तिच्या गळ्याची शपथ घेऊन हे कधी खोटं बोलले नाहीत. जिलेबी खाल्ली असली तर नुसते गप्प बसायचे.

दोन वर्षांपूर्वी दिशानं भावेशशी लग्न केलं. भावेश म्हणजे बुधाचा मुलगा. बुधा आणि ठकी डोंगराकडच्या पाड्यावरून आमच्या वाडीत चिकू उतरवायला यायचे. भावेश आमच्याच ओट्यावर बसून शिकला आणि बोईसरला एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट झाला, तेव्हा ह्यांनीच गावभर पेढे वाटले. पेढे वाटणं वेगळं आणि जावई करून घेणं वेगळं, हे आम्हाला नंतर कळलं. दोघं नोंदणी करून पाया पडायला आली, तेव्हा अंगणात सगळे भाऊबंद जमले होते. भाऊबंद जमले की पुरुषाची मान ताठ होते आणि डोकं रिकामं. हे ओरडले, "दिशाच्या गळ्याची शप्पथ, आजपासून मी नि दीपाली तुझ्या दारात पाय ठेवणार नाय, तू आमच्या दारात नाय, नि आमच्या दोघांच्या तोंडून एक शब्द तुझ्याशी जाणार नाय!"

बोलून झालं आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गळा सवयीनं तोंडात आला होता. पण आला तो आला. आता शपथ मोडली तर बाधणार कोणाला? ह्यांना नाही, मला नाही, तिला. ह्यांच्या स्वतःच्या गळ्याची घेतली असती तर मी त्याच संध्याकाळी मोडली असती, मागेपुढे पाहिलं नसतं.

शिकलेली माणसं हसतील, हसू देत. ज्यांना एकच लेक आहे त्यांनी आधी असली शपथ मोडून दाखवावी आणि मग हसावं.

तेव्हापासून मी बोईसरला गेले नाही. स्कूटरवरून वाटेत भाजी घेत गेलं तरी लगेच पोहोचावं इतकं ते जवळ, पण मी लुगडंपातळ घ्यायलासुद्धा पालघर गाठायची. भीती दुसरी कसलीच नाही. दिशा अचानक समोर आली तर माझ्या तोंडून "बाय माझी" निघून जाईल, ही भीती. तोंडाला कुलूप कसं लावायचं? भर बाजारात हाक जाईल आणि मग रात्रभर मी तिच्या गळ्याची काळजी करत बसेन. त्यापेक्षा बोईसर नको.

गेल्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली. शेजारच्या तेजलनं मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यात सगळी टोपीच होती, टोपीखाली नाकाचा शेंडा. मी म्हटलं, नाक आमच्या घरचं आहे. आत जाऊन बसले, चुलीवर दूध होतं ते उतू गेलं, तरी उठवेना मला.

माझी एक आत्या आहे, सातपाटीजवळ दिलेली, फार म्हातारी. तिला विचारलं, शपथेला काही उतारा? ती म्हणाली, "शपथ गावाची शीव ओलांडते, डोंगर ओलांडते. खारं पाणी नाय ओलांडत. पल्याडच्या किनाऱ्याला माणूस लागला की शपथ अल्याड राहते." मी म्हटलं, "होडीत बसून आत गेले नि तिथनं फोन केला तर?" म्हणाली, "होडीत नाय चालायचं. पल्याडच्या मातीला पाय लागला पायजे." दिशाचा नंबर मोबाइलमधून काढून टाकला होता, पण तो मला पाठ होता. खारं पाणी ओलांडायचं, पलीकडच्या मातीवर उभं राहायचं आणि एक फोन करायचा. तिचा आवाज ऐकायचा, बाळाला फोनजवळ धरायला सांगायचं. एवढंच मला हवं होतं. पण ह्यांना डहाणूपलीकडे नेणं म्हणजे म्हैस झाडावर चढवणं.

आणि मग एका शुक्रवारी हे बोईसरहून आले नि चपला काढता काढता म्हणाले, "आपण परदेशी जाऊ."

मला वाटलं, साखर वाढली. पण हे ठाम होते. "बोईसरला एक ऑफिस हाय, तिकडची मुलगी सगळं करून देते. मात्र व्हिसा लागतो तिथं जायचं नाय. कोणाच्या खिडकीपुढं उभं राहून 'आमाला येऊ द्या' म्हणणं माझ्याच्यान व्हायचं नाय. बिनव्हिसाचे देश हायत, त्यातला एक काढू."

मी देवापुढे दिवा लावला. देवीनंच ह्यांच्या डोक्यात घातलं म्हणायचं. पासपोर्ट काढले. चौकशीला पोलीस आला तेव्हा त्यानं विचारलं, "कुठं चाललात?" आणि हे म्हणाले, "ठरायचंय." तो हसत चहा पिऊन गेला. मीही तेव्हा हसले होते.

ठरेचना. दर शुक्रवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून बोईसरला जायचे आणि एक देश घेऊन यायचे. रात्री जेवताना त्या देशाची चिरफाड. नेपाळ आला, तो मीच उडवला. नेपाळला समुद्र कुठला? मी म्हटलं, "तिथं आपलेच पैसे चालतात, तो कसला परदेश?" भूतान आला, तोही मीच उडवला, गुडघ्यांना थंडी सोसत नाही म्हणून. थायलंडला ह्यांनी नकार दिला. "बायकोला घेऊन गेलो तरी गावात लोक डोळा मारतील." कझाकस्तानचं नाव तोंडात बसेना, तर लोकांना सांगणार काय? मलेशियात उंच इमारती, माना वर करून बघायच्या, आणि ह्यांच्या मानेला पट्टा. मालदीवला उतरल्यावर शिक्का मारतात असं कळलं. "म्हंजे दारात उभं करून मग ठरवणार, घ्यायचं का नाय? नको." मॉरिशसला काय वाईट? तर तिथं ऊस आणि नारळ. "नारळ बघायला विमानात बसू?"

मी चिडले. मला ह्यांच्या माना आणि नारळ नको होते, मला चहूबाजूंनी खारं पाणी असलेली वीतभर जमीन हवी होती. पण तसं सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर ह्यांना कळलं असतं की मी शपथेतून पळवाट काढतेय, आणि हे घाबरून घरातून हलले नसते. त्यात मनात दुसरा किडा वळवळू लागला. दर शुक्रवारी दाढी, इस्त्री, वर अत्तराचा बोळा! त्या ऑफिसातली मुलगी आहे तरी कशी? या वयात घोडं उधळलं की काय?

शेवटी एका शुक्रवारी तिचाच फोन आला. ह्यांचा मोबाइल मी उचलला. "काका, मी रिद्धी. मॉरिशसच्या ग्रुपमध्ये दोनच जागा उरल्यात. आज दोघांचे पासपोर्ट आणलेत तर नाव घालते, नाहीतर गेलं." आवाज पोरसवदा, लाघवी. मी म्हटलं, "मी काकू बोलते. आमी येतोय." हे समोर उभे होते. ह्यांचा चेहरा असा झाला, जणू मी वाडी विकायला काढली.

"तू कशाला? मी जातो ना."

"आज ठरवल्याबिगर मी परत यायची नाय."

"बोईसरला? तुला चालंल?"

 मी पर्समध्ये दोन्ही पासपोर्ट टाकले आणि स्कूटरवर मागे बसले. वाटेत डोळे मिटून घेतले होते. मनाला बजावत होते, कोणी दिसलं तरी तोंड उघडायचं नाही. आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे, मग पलीकडच्या मातीवर हवं तेवढं बोल.

ऑफिस म्हणजे एक काचेचं दुकान, आत दोन टेबलं, भिंतीवर निळे समुद्र. रिद्धी खरंच पोरगेली निघाली, दिशापेक्षाही लहान. तिला पाहून माझा तो किडा जागीच मेला. ह्यांची खुर्ची ठरलेली होती. रिद्धीच्या समोर नव्हती, बाजूला, काचेपाशी, रस्त्याकडे तोंड करून. चहाही न सांगता आला, बिनसाखरेचा.

"काकू, बसा ना. मॉरिशस छान आहे. नियम रोज बदलतात, आज व्हिसा लागत नाही, उद्या लागेल. आजच करून टाकू या."

"करून टाक," मी म्हटलं. "बेट हाय ना? चारी बाजूंनी पाणी?"

"हो काकू, सगळीकडे समुद्र."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता ऊस काढतील, नारळ काढतील, म्हणून मी कंबर कसून बसले होते. पण हे ऐकतच नव्हते. चहा तसाच. कॉलर नीट केली, चष्मा पुसून घातला, पाठ ताठ केली. शाळेत फोटो काढायला बसवतात तसे बसले होते आणि काचेतून समोर बघत होते.

मीही बघितलं. रस्त्यापलीकडे नवी इमारत, खाली हार्डवेअरचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत लंगोट वाळत घातलेले. गॅलरीचं दार उघडलं आणि दिशा बाहेर आली.

वाळली आहे. केस आखूड केलेत. कडेवर बाळ. तिनं कपडे काढले नाहीत, काही वाळत घातलं नाही. कठड्याशी आली आणि बाळाची पाठ स्वतःच्या छातीला लावून त्याचं तोंड रस्त्याकडे केलं. आणि तशीच उभी राहिली. दुपारचं ऊन, बाळ डोळे बारीक करतंय, आणि ही सावलीला सरकत नाही. खाली बघत नाही, वर बघत नाही. सरळ आमच्या काचेकडे बघते आहे.

माझ्या घशात हाक आली. अगदी दाताशी आली. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. नाक आमच्याच घरचं होतं, मी म्हटलं होतं ते खोटं नव्हतं.

रिद्धीनं माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. वाकून हळूच म्हणाली, "काका पहिल्यांदा आले ना, ते बाहेर उन्हात उभे होते, किती तरी वेळ. मीच आत बोलावलं. नुसतं बसायला लाजत होते, म्हणून विचारलं, काका, कुठं फिरायला जायचंय का?"

म्हणजे परदेश कुठला, नि काय! या माणसाला कुठेच जायचं नव्हतं. एका खुर्चीवर बसायला कारण हवं होतं, आणि कारण संपू नये म्हणून मानेचा पट्टा, ऊस, नारळ. मला आधी संताप आला. महिनोन्‌महिने एकटा बघत बसला, आणि मी घरात एका टोपीच्या फोटोवर दिवस काढले! शपथ दोघांच्या नावानं घेतली होती, मग हे एकट्यानं कसं? पण कॉलर नीट करणारा तो हात मी पाहिला होता. जावयाच्या दारात पाय नाही, लेकीशी शब्द नाही. बघायचं नाही, एवढंच तेवढं म्हणायचं राहिलं होतं त्या दिवशी अंगणात, आणि त्या राहिलेल्या फटीत हा माणूस दर शुक्रवारी दाढी करून बसत होता. मला सांगितलं नाही, कारण माझं तोंड त्याला माहीत आहे. मी हाक मारीन याची त्यालाही भीती होती.

"काकू, पासपोर्ट?" रिद्धीनं हात पुढे केला.

पर्स उघडीच होती. दोन्ही पासपोर्ट माझ्या हातात. मॉरिशसला गेले असते तर तिचा आवाज ऐकला असता, मनसोक्त, एकदा. "बाय माझी" म्हटलं असतं. मग परत येऊन? परदेश एकदा झाला की झाला. मग कुठल्या तोंडानं या दुकानात येऊन बसायचं? आमच्यासारखी माणसं जन्मात दोनदा परदेशी जात नाहीत. एक आवाज, की दर शुक्रवारचं हे? समोर दिशानं बाळाचा एक हात धरून वर केला. टाटा करायला नव्हे. नुसता वर धरला, बोटं दिसतील असा.

मी पासपोर्ट पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

"मॉरिशस नको," मी म्हटलं. "दुसरा देश दाखव."

हे दचकून वळले. त्यांचे डोळे लाल होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर दोघंही तिथेच रडत बसलो असतो.

रिद्धी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिली. "काकू, बिनव्हिसाचे आता फार राहिले नाहीत. श्रीलंका, फिजी, अजून थोडे. काकांनी बाकीचे सगळे..."

"मग आज नको दाखवू," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी एक दाखव. त्याच्या पुढच्याला एक. एका वेळी एकच."

त्या पोरीनं आणखी एक चहा सांगितला. ह्यांनी बसल्या बसल्या आपली खुर्ची बाजूला सरकवली, आणि काचेपाशी माझी खुर्ची मावेल एवढी जागा केली.